पगारासह पदवी : इंग्लंडमधील डिग्री अप्रेंटिसशिप

डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी आणि विद्यापीठाची पदवी यांची एकाच करारात घातलेली सांगड. बारावीच्या तोडीची ए-लेव्हल परीक्षा दिलेली मुले एखाद्या कंपनीत कर्मचारी म्हणून रुजू होतात, पहिल्या महिन्यापासून पगार घेतात आणि तीन-चार वर्षांत त्या कामाशी निगडित विषयाची पूर्ण पदवी मिळवतात. विद्यापीठाची फी त्यांना भरावी लागत नाही. इंग्लंडमध्ये ही पद्धत २०१५ पासून अमलात आहे आणि तिच्या पहिल्या अभ्यासक्रमांत माहिती-तंत्रज्ञान अग्रभागी होते.

महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत ती रुजवली आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ती उचलली. तिथे विद्यार्थी शेतात, ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करून शिक्षणाचा खर्च भागवतो. त्या कामाचा आणि अभ्यासाचा विषय एकच असावा अशी अट नसते. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये मात्र कंपनीतले काम हाच अभ्यासक्रमाचा भाग असतो. कामाच्या टेबलाशी बसून सोडवलेला प्रश्न पदवीच्या मूल्यमापनात धरला जातो. या पद्धतीची ताकद यातच आहे आणि तिच्या बहुतेक अडचणीही इथूनच निघतात.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधली शिकाऊ उमेदवारी फार जुनी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६३ मध्ये झालेल्या कायद्याने अनेक व्यवसायांत सात वर्षांच्या उमेदवारीची अट घातली होती. कारखानदारी वाढू लागल्यावर १८१४ मध्ये ही सक्ती उठली, पण सुतारकाम, गवंडीकाम, यंत्रकाम अशा व्यवसायांत रीत टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठात जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी अप्रेंटिसशिप म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची वाट, असा समज पक्का झाला. आपल्याकडे आयटीआयच्या वाट्याला जे आले, तेच तिथे उमेदवारीच्या वाट्याला आले.

हा समज मोडायचा तर उमेदवारीच्या शेवटी पदवी हवी, असा विचार पुढे आला. उद्योजक डग रिचर्ड यांनी २०१२ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात दोन महत्त्वाच्या शिफारशी होत्या. कोणती कौशल्ये शिकवायची हे प्रत्यक्ष काम देणाऱ्यांनी ठरवावे आणि उमेदवार तयार झाला की नाही हे शेवटी नीट तपासले जावे. त्यानंतर एकेका क्षेत्रातील कंपन्यांनी गट करून अभ्यासक्रमांचे आराखडे लिहायला घेतले. नोव्हेंबर २०१४ मध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील डिग्री अप्रेंटिसशिप जाहीर झाली. ती घडवणाऱ्यांत आयबीएम, कॅपजेमिनी, फुजित्सु, बीटी यांच्याबरोबर मुंबईत मुख्यालय असलेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसही होती. अॅस्टन, मँचेस्टर मेट्रोपॉलिटन, क्वीन मेरी अशी विद्यापीठे सोबतीला आली.

या पद्धतीला खरे पाठबळ मिळाले ते एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या अप्रेंटिसशिप लेव्हीमुळे. वर्षाला ३० लाख पौंडांहून अधिक वेतनखर्च असलेल्या कंपन्यांना त्या मर्यादेवरच्या वेतनखर्चाच्या ०.५ टक्के रक्कम सरकारकडे भरावी लागते. ही रक्कम मुख्यतः उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येते आणि ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर हातची जाते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी तिचा बराच भाग पदवीच्या पातळीवरील उमेदवारीकडे वळवला. लहान कंपन्यांच्या बाबतीत प्रशिक्षणखर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. स्कॉटलंड आणि वेल्स यांच्या स्वतंत्र योजना आहेत. स्कॉटलंडमध्ये तिला ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप म्हणतात.

आधी नोकरी, मग प्रवेश

नेहमीच्या पदवीसाठी विद्यार्थी विद्यापीठांकडे अर्ज करतो. इथे तो आधी कंपनीकडे अर्ज करतो. कंपनीने निवड केली आणि विद्यापीठाच्या किमान अटी पूर्ण झाल्या की प्रवेश होतो. जागा थोड्या आणि अर्ज फार, अशी नामवंत कंपन्यांची स्थिती असते. शेवटच्या शालेय वर्षाच्या शरद ऋतूपासून जाहिराती लागतात. बरीच मुले विद्यापीठांचे नेहमीचे अर्जही भरून ठेवतात, म्हणजे एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते.

निवडीचे टप्पे नोकरीच्या भरतीसारखेच असतात. ऑनलाइन चाचणी, ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत, मग दिवसभराचे मूल्यमापन केंद्र. तिथे गटात बसून एखादा प्रश्न सोडवायला देतात, छोटे सादरीकरण करायला लावतात आणि शेवटी समोरासमोर मुलाखत घेतात. अठरा वर्षांच्या मुलाला प्रोग्रॅमिंग पक्के यावे अशी अपेक्षा सहसा नसते. त्याने स्वतःहून काही करून पाहिले आहे का, अडल्यावर विचारतो का, आपले म्हणणे नीट मांडतो का, हे पाहिले जाते. वयाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे एखाद्या तुकडीत शाळेतून नुकतीच आलेली मुले आणि दुसरा व्यवसाय सोडून आलेला चाळिशीतला माणूस शेजारी बसलेले दिसू शकतात.

या क्षेत्रातल्या सर्वाधिक परिचित अभ्यासक्रमाचे नाव ‘डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल’ असे आहे. त्यात सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, डेटा विश्लेषण, सायबर सुरक्षा, नेटवर्क, व्यवसाय विश्लेषण, आयटी सल्लागार असे वेगवेगळे मार्ग असतात. कंपनीत ज्या प्रकारचे काम मिळणार, त्यानुसार मार्ग ठरतो.

आठवड्याची घडी

कामाचे आणि अभ्यासाचे दिवस बसवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत आठवड्यातले चार दिवस कंपनीचे आणि एक दिवस विद्यापीठाचा. दुसऱ्या रीतीत काही आठवडे सलग काम आणि मग एक-दोन आठवडे सलग वर्ग. जी मुले विद्यापीठापासून दूरच्या शहरात नोकरी करतात, त्यांना दुसरी रीत सोयीची पडते.

कामाच्या वेळेतून अभ्यासाला किती वेळ द्यायचा, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. सुरुवातीला कामाच्या एकूण वेळेच्या किमान २० टक्के असा नियम होता. २०२२ मध्ये पूर्णवेळ उमेदवारासाठी तो आठवड्याला सरासरी सहा तास असा झाला आणि २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी किमान तास ठरवून दिले गेले. नियमाचे रूप बदलले, तरी गाभा तोच राहिला. हा वेळ पगारी कामाच्या तासांतच मिळायला हवा आणि त्याची नोंद ठेवायला हवी. वर्ग, प्रयोगशाळा, अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून नवी गोष्ट शिकणे, असाइनमेंट लिहिणे हे त्यात धरले जाते. नेहमीचे, आधीच येत असलेले काम धरले जात नाही.

उमेदवाराभोवती तीन माणसे असतात. लाइन मॅनेजर काम देतो आणि पगारवाढ ठरवतो. टीममधला एखादा ज्येष्ठ सहकारी रोजच्या अडीअडचणींना हात देतो. विद्यापीठाचा मार्गदर्शक अभ्यासाची बाजू सांभाळतो. दर दोन-तीन महिन्यांनी उमेदवार, मॅनेजर आणि मार्गदर्शक एकत्र बसून प्रगतीचा आढावा घेतात. ही बैठक मनापासून झाली तर बऱ्याच तक्रारी वेळेत सुटतात. ती नुसती सही करण्यापुरती उरली, तर उमेदवार दोन्हीकडून एकटा पडतो.

कामातून शिकणे म्हणजे नेमके काय

पहिले काही आठवडे ओळखपाळखीत जातात. लॅपटॉप, परवानग्या, सुरक्षेचे नियम, कंपनीत वापरात असलेली साधने, आणि दर वाक्याला येणारी आद्याक्षरांची नावे. रोज सकाळी पंधरा मिनिटांचे स्टँडअप होते. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. शाळेत अडल्याचे लपवण्याची सवय असते. इथे ते सकाळी सगळ्यांसमोर सांगणे हाच कामाचा भाग असतो. ही सवय अंगवळणी पडायला बऱ्याच मुलांना काही महिने लागतात.

मग एखादे छोटे काम हातात येते. समजा, ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळावर तक्रार आली आहे की उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर दिलेल्या काही ऑर्डरींवर आदल्या दिवसाची तारीख दिसते. उमेदवार माहितीसाठ्यातल्या नोंदी काढून पाहतो. चूक फक्त रात्री बारा ते एकच्या दरम्यानच्या ऑर्डरींत आहे. कारण हळूहळू स्पष्ट होते. सर्व्हर वेळ नोंदवतो ती जागतिक प्रमाणवेळ, आणि ब्रिटनमधली घड्याळे उन्हाळ्यात तिच्या एक तास पुढे असतात. ११ जूनच्या रात्री साडेबाराला दिलेली ऑर्डर सर्व्हरच्या हिशेबात १० जूनच्या रात्री साडेअकराची ठरते. पानावर तारीख दाखवताना कोणी वेळ बदलून घेतलीच नव्हती.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची असते. उमेदवार ती लिहितो आणि तपासणीसाठी पाठवतो. इथे खरा धडा सुरू होतो. ज्येष्ठ सहकारी कोड वाचून प्रश्न लिहितो : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे जातात, तेव्हा एक तास दोनदा येतो, त्या तासात काय होईल? हीच तारीख ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलमध्ये आणि बिलावरही जाते का? पुन्हा कोणी हा भाग बदलला तर चूक परत येऊ नये म्हणून चाचणी लिहिली आहे का? दोन ओळींच्या कामाला दोन दिवस लागतात. पण वेळेचे हिशेब, चाचण्या लिहिणे, एका बदलाचा परिणाम कुठवर पोहोचतो याचा विचार, या तीन गोष्टी त्या दोन दिवसांत जितक्या पक्क्या होतात तितक्या वहीवर टिपणे काढून होत नाहीत.

काम संपले तरी उमेदवाराचे शिकणे तिथे थांबत नाही. अभ्यासक्रमाच्या आराखड्यात अपेक्षित ज्ञान, कौशल्ये आणि वर्तन यांची यादी असते. उमेदवार या प्रसंगाची नोंद आपल्या पोर्टफोलिओत करतो : प्रश्न काय होता, आपण स्वतः काय केले, कोणते पर्याय पाहिले, काय चुकले, यातून यादीतला कोणता मुद्दा सिद्ध होतो. सोबत कोडमधील बदलाचा आणि तपासणीतल्या शेऱ्यांचा पुरावा जोडतो. ‘टीमने केले’ असे लिहून चालत नाही, ‘मी केले’ असे दाखवावे लागते. सॉफ्टवेअर चाचणी किंवा माहितीसाठा या विषयाचा वर्ग जेव्हा विद्यापीठात होतो, तेव्हा हाच अनुभव त्याच्या हाताशी असतो. वर्गात बसलेला अप्रेंटिस सिद्धांत ऐकताना त्याला आपल्या कामातले उदाहरण लावून पाहतो, आणि कामावर असलेला अप्रेंटिस केलेल्या गोष्टीचे कारण वर्गात शोधतो. पदवीचे दोन्ही अर्धे असे जुळले की ही पद्धत सर्वोत्तम चालते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत काम मोठे होते. अनेक कंपन्या उमेदवाराला काही महिन्यांनी टीम बदलून देतात, त्यामुळे तो ग्राहकांशी बोलतो, डेटाच्या बाजूला काम करतो, सुरक्षेची बाजू पाहतो. शेवटच्या वर्षी कंपनीच्या प्रत्यक्ष गरजेवर आधारित मोठा प्रकल्प करावा लागतो. त्याचा अहवाल, सादरीकरण आणि पोर्टफोलिओवर आधारित सखोल चर्चा यांतून अंतिम मूल्यमापन होते. त्याआधी मॅनेजरला हा उमेदवार तयार आहे असे प्रमाणित करावे लागते. सगळे पार पडले की विद्यापीठाची पदवी आणि उमेदवारी पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र अशा दोन गोष्टी हातात येतात.

पैशांचा हिशेब

इंग्लंडमध्ये पदवीची फी २०१७ पासून वर्षाला कमाल ९,२५० पौंड होती, २०२५-२६ मध्ये ती ९,५३५ पौंड झाली. राहण्या-खाण्याचे कर्ज वेगळे. अलीकडच्या वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यावर सरासरी ४५ हजार पौंडांहून अधिक कर्ज असते. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांकडून ते पगाराच्या प्रमाणात चाळीस वर्षांपर्यंत कापले जाते. अप्रेंटिसच्या बाबतीत फी कंपनीची लेव्ही आणि सरकार यांच्याकडून भरली जाते. ती उमेदवाराकडून घेण्यास मनाई आहे. एका उमेदवारीसाठी सरकारी निधीची वरची मर्यादा २७ हजार पौंड आहे.

पगार कंपनीनुसार आणि शहरानुसार बदलतो. शिकाऊ उमेदवारासाठी कायद्याने ठरवलेले किमान वेतन एप्रिल २०२५ पासून तासाला ७.५५ पौंड होते, पण तंत्रज्ञान कंपन्या साधारणपणे याहून बरेच जास्त देतात. मात्र उमेदवार कर्मचारी असल्यामुळे त्याला विद्यार्थ्यांचे सरकारी कर्ज मिळत नाही. घरापासून दूर, विशेषतः लंडनमध्ये नोकरी मिळाली तर भाडे पगारातूनच भागवावे लागते. पगाराच्या आकड्याबरोबर घरभाड्याचा आकडा मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

ताण कुठे येतो

या वाटेवर कष्ट दुहेरी आहेत. नियमाने मिळणारा वेळ वर्गातच संपतो, आणि असाइनमेंटचा बराच भाग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी करावा लागतो. कंपनीत रिलीजचा आठवडा आणि विद्यापीठात सबमिशनची तारीख एकाच वेळी आली की तारेवरची कसरत होते. विद्यापीठातल्या मुलांना उन्हाळ्यात लांब सुट्टी असते, अप्रेंटिसला कर्मचाऱ्याची रजा तेवढी मिळते. वसतिगृह, मंडळे, खेळ, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा हे विद्यार्थिजीवन त्याच्या वाट्याला फार थोडे येते. शाळेतले मित्र वेगवेगळ्या शहरांत नव्या ओळखी करत असताना हा मुलगा तिशी-चाळिशीतल्या सहकाऱ्यांबरोबर बसलेला असतो. मोठ्या कंपन्यांत अप्रेंटिसांची मोठी तुकडी एकत्र भरती होते, तिथे हे एकटेपण कमी होते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. टीमवर कामाचा दबाव आला की अभ्यासाचा दिवस ‘या आठवड्यापुरता’ मागे ढकलला जातो आणि मग तीच सवय होते. काही ठिकाणी उमेदवाराला वर्षभर एकाच साच्याचे काम मिळते. मग पोर्टफोलिओत दाखवायला वेगवेगळे पुरावेच उरत नाहीत. कोणत्या कंपनीत आणि कोणत्या मॅनेजरच्या हाताखाली उमेदवारी होते, यावर अनुभवाचा दर्जा फार अवलंबून असतो. मध्येच कंपनी सोडावी लागली किंवा नोकरकपात झाली तर पदवीही अडते. विद्यापीठ मार्ग काढायला मदत करते, पण ठरावीक काळात दुसरा रोजगारदाता शोधावा लागतो.

सामाजिक न्यायाच्या अंगानेही प्रश्न आहे. सटन ट्रस्ट ही संस्था सातत्याने दाखवून देत आली आहे की या जागा गरीब घरांतील मुलांपर्यंत पुरेशा पोहोचत नाहीत. ज्या घरात माहिती आहे, मुलाखतीची तयारी करून घेणारे कोणी आहे, त्यांनाच ही संधी आधी दिसते. कर्जाशिवाय पदवी ज्यांना सर्वांत जास्त हवी, त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे हे या योजनेपुढचे मोठे काम आहे.

जर्मनी आणि भारत

जर्मनीत हाच विचार इंग्लंडच्या कितीतरी आधी रुजला. श्टुटगार्ट येथे १९७४ मध्ये डाइम्लर-बेन्झ, बॉश यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या व्यावसायिक अकादमीतून २००९ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे दुहेरी शिक्षण देणारे विद्यापीठ उभे राहिले. तिथे साधारण तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनी असे चक्र तीन वर्षे चालते. एसएपीसारखी सॉफ्टवेअर कंपनीही त्याची भागीदार आहे.

भारतात १९६१ चा अप्रेंटिस कायदा दीर्घकाळ मुख्यतः कारखान्यांतील कारागिरीभोवती फिरत राहिला. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी मात्र आपापल्या वाटा काढल्या. विप्रोने विज्ञान पदवीधरांना नोकरी देऊन बिट्स पिलानीच्या सहकार्याने पदव्युत्तर शिक्षण देण्याची योजना १९९० च्या दशकातच सुरू केली. एचसीएलची टेकबी योजना बारावी झालेल्यांना आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरीत असताना पदवी असा मार्ग देते. अशा योजनांत सेवेचा बंधकरार किंवा प्रशिक्षणशुल्क असू शकते, ते आधी नीट वाचायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे कंपनीत घालवता येतात. महाराष्ट्र आणि गोव्यातील पदवी-पदविकाधारकांच्या उमेदवारीची व्यवस्था मुंबईचे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग पाहते. मूळ फरक इतकाच की इंग्लंडमध्ये कंपनी आधी आणि विद्यापीठ तिच्या जोडीला, तर या भारतीय अभ्यासक्रमांत महाविद्यालय आधी आणि कंपनी काही सत्रांपुरती.

इंग्लंडमधली योजना तिथे काही वर्षे वास्तव्य आणि कामाचा हक्क असलेल्यांसाठी आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती घेता येत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना मात्र हा पर्याय खुला आहे, आणि घरात ‘आधी डिग्री, मग नोकरी’ हा आग्रह असेल तर तो आग्रह एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.

कोणाला मानवते

संगणकाच्या क्षेत्रातच काम करायचे हे ज्याचे ठरले आहे, ज्याला करून पाहत शिकायला आवडते आणि जो तीन-चार वर्षे दोन जबाबदाऱ्या पेलू शकतो, त्याला ही वाट उत्तम मानवते. ज्याला अजून विषयच ठरवायचा आहे, गणित किंवा मूलभूत संशोधनाच्या खोलात जायचे आहे, त्याने पूर्णवेळ विद्यापीठ निवडावे.

करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराने काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. अभ्यासाचा दिवस कोणता आणि तो राखण्याची जबाबदारी कोणाची? टीम बदलून मिळते का? आधीच्या तुकडीतल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली आणि त्यांतले किती अजून कंपनीत आहेत? मध्येच सोडावे लागले तर काय भरावे लागते? पदवी संपल्यावर पद आणि पगार काय असेल? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी कंपनी मिळाली तर डिग्री अप्रेंटिसशिप ही तरुण वयात मिळणाऱ्या सर्वांत चांगल्या संधींपैकी एक आहे. सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर कंपनीचे नाव कितीही मोठे असले तरी साधी पदवी बरी.